मायकेलअँजेलो : माणूस पाहायला शिकलेला कलावंत

सिस्टीन चॅपेलच्या छतावरील ते चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कॅलेंडरवर किंवा पुस्तकात पाहिले असेल. देवपित्याचा हात पुढे आला आहे आणि आदामाचा सैल हात त्याच्या दिशेने उचलला गेला आहे. चित्रकार मायकेलअँजेलोचे नावही आपल्याला ठाऊक असते. मात्र माणसाचे शरीर इतके अचूक काढायला तो कुठे शिकला, हे सहसा सांगितले जात नाही. त्या शिक्षणात एका मठाचा आणि मठाच्या रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. म्हणून ह्या रविवारी आम्ही ती हकिकत आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मायकेलअँजेलोचा जन्म इटलीतील काप्रेसे गावी ६ मार्च १४७५ रोजी झाला. त्याला तान्हेपणी सेत्तिन्यानो येथील एका दाईकडे दूध पाजण्यासाठी ठेवले होते. ते पाथरवटांचे गाव. दाईचा नवराही पाथरवटच. तो सहा वर्षांचा असताना आई वारली. मुलाचे लक्ष अभ्यासात नव्हते, तो सदा चित्रे काढीत बसे. घराण्याला आपल्या जुन्या नावाचा अभिमान होता. चित्रकला म्हणजे हाताने करायचे हलके काम, असे वडिलांचे व काकांचे मत होते. त्यापायी मुलाने मारही खाल्ला. शेवटी १४८८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, वडिलांनी त्याला फ्लॉरेन्सचे नामांकित चित्रकार गिर्लांदायो यांच्या कार्यशाळेत ठेवले. करार तीन वर्षांचा होता. मेहनताना २४ फ्लोरिन ठरला.

त्या काळी शिक्षणाची एक ठरलेली पायरी असे. मुलाने आधी थोरांची चित्रे पाहून नक्कल करायची. मग दगडी व मातीच्या मूर्ती पाहून काढायचे, म्हणजे उजेड-सावली कळते. त्यानंतर जिवंत माणूस. मायकेलअँजेलोनेही चर्चच्या भिंतींवरील जोत्तो आणि मासाच्चो यांची चित्रे कागदावर उतरवून घेतली. पुढे लोरेन्झो द मेदिची यांच्या बागेतील जुन्या मूर्तींजवळ बसून त्याने अभ्यास केला. माणसाचे चित्र काढताना मनात आधी हाडे मांडावी, त्यांवर स्नायू चढवावे, मग कातडी आणि सर्वांत शेवटी कपडे, असे आल्बेर्ती ह्या विद्वानाने १४३५ सालीच लिहून ठेवले होते. पण कातडीखालचे पाहायचे कसे?

१४९२ साली लोरेन्झो वारले आणि सतरा वर्षांच्या मायकेलअँजेलोचा आधार गेला. त्याच सुमारास फ्लॉरेन्समधील सांतो स्पिरितो, म्हणजे पवित्र आत्म्याच्या चर्चचा मठ त्याच्या मदतीला आला. हा संत ऑगस्टीनच्या संघाचा मठ. निकोलो बिकिएल्लीनी हे मठप्रमुख होते. मठाच्या रुग्णालयात मरण पावलेल्या माणसांची शवे तपासण्याची परवानगी त्यांनी ह्या तरुणाला दिली आणि त्यासाठी जागाही दिली.

शवविच्छेदनाला ख्रिस्तसभेची सरसकट बंदी होती, असे पुष्कळदा ऐकू येते. ते खरे नाही. इटलीतील विद्यापीठांत वैद्यकीय शिक्षणासाठी शवविच्छेदन होत असे. परंतु एका कोवळ्या शिल्पकाराला, तेही केवळ आकृती काढता यावी म्हणून, मेलेल्या माणसाला हात लावू देणे ही वेगळी गोष्ट होती. त्यात मठप्रमुखांच्या नावालाही धोका होता. तरी त्यांनी दार उघडले.

ते काम सुखाचे नव्हते. शव टिकवण्याची सोय नव्हती, दुर्गंधी असे. कातडी अलगद सोडवायची, एकेक स्नायू कुठून निघतो आणि कोणत्या हाडाला जाऊन मिळतो ते पाहायचे. दंड वळवला की खांद्यापाशी काय ओढले जाते, मान फिरवली की गळ्यावरची कोणती दोरी ताठ होते, हे हाताने हलवून समजून घ्यायचे. असा अभ्यास त्याने पुढे अनेक वर्षे अधूनमधून चालू ठेवला. त्याने पोट इतके बिघडले की शेवटी त्याला तो सोडून द्यावा लागला.

मठप्रमुखांचे ऋण त्याने पैशाने फेडले नाही. त्याने त्यांना चर्चच्या मोठ्या वेदीसाठी लाकडात कोरलेली क्रुसावरील येशूची मूर्ती दिली. शतकानुशतके ती हरवली असेच सारे समजत होते. १९६२ साली मार्ग्रिट लिस्नर ह्या जर्मन अभ्यासिकेने त्याच मठात एक रंगाचे थर चढलेली मूर्ती पाहिली आणि ती मायकेलअँजेलोची असल्याचे मांडले. बहुतेक जाणकारांनी हे मान्य केले. ती आज पुन्हा सांतो स्पिरितोमध्ये आहे. मूर्ती पूर्ण माणसापेक्षा थोडी लहान आहे. त्यातील येशू दणकट नाही, सडपातळ तरुण आहे. डोके एका बाजूला कलले आहे, गुडघे दुसऱ्या बाजूला. प्राण गेल्यावर देहाचा भार कसा लोंबतो, हे ज्याने जवळून पाहिले त्याचेच ते काम आहे.

सहा-सात वर्षांनी त्याने रोममध्ये संगमरवरातील पिएता घडवली. मरियामातेच्या मांडीवर येशूचा मृत देह आहे. त्याचा खाली सुटलेला उजवा हात, त्यावरच्या शिरा आणि मातेच्या हाताने काखेपाशी दबलेले मांस आपण छायाचित्रातही पाहू शकतो. आम्हांला वाटते, सांतो स्पिरितोच्या रुग्णालयातील ते दिवस तिथेही त्याच्यासोबत होते.

मृतांकडून रचना कळली, पण हालचाल जिवंत माणसच शिकवतो. १५०८ ते १५१२ ह्या काळात पोप ज्युलियस दुसरे यांच्या आज्ञेने त्याने सिस्टीन चॅपेलचे छत रंगवले. तिथे तीनशेहून अधिक आकृत्या आहेत. त्यांतील लिबियाच्या भविष्यवादिनीसाठी केलेला लाल खडूचा एक कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चित्रात स्त्री आहे, पण समोर बसवला होता एक तरुण. कार्यशाळेत मुलेच अशी बसत. त्याने आधी उघडी पाठ वळणासकट काढली, चेहरा पुन्हा काढला, हातही पुन्हा. पायाची बोटे तर अनेकदा काढली, कारण साऱ्या देहाचा भार त्यांवर येतो. वस्त्रे नंतर छतावर चढली. एवढे यश मिळालेला माणूस एका अंगठ्यासाठी पुन्हा पुन्हा खडू उचलतो!

ह्याच देहांवरून पुढे वाद पेटला. १५४१ साली वेदीमागच्या भिंतीवरील अंतिम न्यायनिवाड्याचे चित्र पूर्ण झाले. पोपच्या विधींचे व्यवस्थापक बियाजो यांनी पवित्र जागी एवढी नग्नता शोभत नाही अशी तक्रार केली. इतरांनीही तोच सूर लावला. ट्रेंटच्या विश्वपरिषदेनंतर, १५६४ च्या जानेवारीत, काही भाग झाकण्याचा निर्णय झाला. पुढील वर्षी ते काम त्याचाच मित्र दानिएले दा वोल्तेर्रा याने केले. आक्षेप घेणारे सगळे वाईट हेतूचे होते असे आम्ही म्हणणार नाही. भाविकांसमोर काय ठेवावे हा प्रश्न खराच आहे. पण ८ एप्रिल १९९४ रोजी, दुरुस्तीनंतर चित्र खुले झाले तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच चॅपेलमधील प्रवचनात हे स्थान मानवी देहाच्या ईशज्ञानाचे मंदिर असल्याचे सांगितले. देवाने घडवलेला आणि देवपुत्राने धारण केलेला देह लाजेने पाहायचा नसतो, आदराने पाहायचा असतो, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

१८ फेब्रुवारी १५६४ रोजी, ८८ व्या वर्षी, मायकेलअँजेलो रोममध्ये वारला. मरणाच्या काही दिवस आधीपर्यंत तो आणखी एका पिएतावर छिन्नी चालवीत होता. आपली पुष्कळ रेखाटने मात्र त्याने जाळून टाकली होती. आपली धडपड कोणाला दिसू नये, अशी त्याची इच्छा होती असे म्हणतात. तरी सुमारे सहाशे कागद उरले, हे आपले भाग्य. त्यांवरूनच कळते की ही किमया एका रात्रीत घडलेली नव्हती.

आपल्या घरातील एखादे मूल चित्र काढीत असेल, तर त्याला कॅलेंडरवरून उतरवून घेऊ द्यावे. पण एखाद्या दुपारी आजीसमोरही बसवावे आणि तिचा हात काढायला सांगावे. सुरकुत्या, फुगलेले सांधे, सैल झालेली बांगडी. चित्र जमेल न जमेल, मूल आजीकडे तासभर नीट पाहील, हेच मोठे.

आणि सांतो स्पिरितोच्या रुग्णालयात मेलेली ती माणसे? त्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांच्या देहांनी एका मुलाला शिकवले आणि त्यातून क्रुसावरचा येशू साकारला. सर्व मृतांसाठी प्रार्थना करताना आपण त्यांचीही आठवण ठेवू या.