पिवळे-लाल कार्ड देणारे हेडमास्तर

मैदानावर पंचाने पिवळे कार्ड दाखवले की काय झाले ते कळायला कोणतीच भाषा यावी लागत नाही. ही सोय ज्यांनी केली ते केन ॲस्टन पेशाने प्राथमिक शाळेतले मास्तर होते. म्हणून आपल्या स्मरणिकेत, आपल्या सर-बाईंच्या आठवणींशेजारी, त्यांच्यासाठी थोडी जागा मागते आहे.

ॲस्टन यांचा जन्म १९१५ साली इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरचा. शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन ते लंडनजवळ इलफर्डच्या न्यूबरी पार्क शाळेत लागले आणि १९३६ मध्ये फुटबॉल पंचाची परीक्षा पास झाले. शिक्षक असताना शिट्टीही हातात घ्यायची, यात आपल्याला नवल वाटू नये. आपल्याकडेही स्पर्धांचे दिवस आले की गणिताचे सर पंच होतातच!

मग महायुद्ध आले. घोट्याच्या दुखापतीमुळे हवाई दलाने त्यांना नाकारले. ते तोफखान्यात गेले, पुढे ब्रिटिश हिंदी सैन्यात आले आणि लेफ्टनंट कर्नल झाले. परतल्यावर पुन्हा शाळा आणि शनिवारचे सामने. लाइन्समनचे झेंडे तेव्हा यजमान संघाच्या रंगाचे असत. धुक्यात ते दिसेनात, म्हणून ॲस्टन यांनी झगझगीत पिवळे झेंडे आणले. १९५३ मध्ये ते त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले.

२ जून १९६२ चा दिवस मात्र त्यांना जड गेला. विश्वचषकात सांतियागोला चिली विरुद्ध इटली. इटालियन वार्ताहरांनी त्या शहराची नालस्ती छापल्यामुळे वातावरण आधीच तापलेले. सुरुवातीच्या काही मिनिटांतच ॲस्टननी इटलीच्या फेरिनीला बाहेर काढले, पण तो जाईना. शेवटी पोलिसांनी नेले. पुढे चिलीच्या सांचेझने डेव्हिडला ठोसा मारला आणि तरी तो मैदानातच राहिला. नंतर डेव्हिडने लाथ मारली, तर तो बाहेर! नऊ जणांची इटली ०-२ ने हरली. सांचेझ वाचला हा इटलीवर अन्यायच होता, आणि पंच म्हणून ॲस्टन यांच्या पदरात तो टाकावाच लागेल. त्यानंतर विश्वचषकाच्या सामन्यात त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली नाही. १९६३ ची एफए कप फायनल मात्र त्यांच्याकडे होती.

१९६६ मध्ये ते विश्वचषकाच्या पंचांची व्यवस्था पाहत होते. वेम्ब्लीवर इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंच क्राइटलाइन यांनी कर्णधार रॅटिनला बाहेर जायला सांगितले. दोघांची भाषा वेगळी. रॅटिन हलेना, खेळ अडला, ॲस्टनना स्वतः मैदानाकडे धावावे लागले. त्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाली होती, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून समजले. ज्याला ताकीद दिली त्यालाच पत्ता नाही! आम्ही सॉफ्टवेअरवाले असले एरर मेसेज रोज लिहितो, तेव्हा हसण्याचा अधिकार मला नाही.

सामन्याहून गाडीने परतताना ॲस्टन तोच विचार करत होते. केन्झिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नल लागला. पिवळा : जपून, लाल : थांब. घरी त्यांनी पत्नी हिल्डा यांना ही कल्पना सांगितली, आणि त्या माउलीने रंगीत कागदाची, खिशात मावतील अशी दोन कार्डे कापून दिली. माझ्या मते कल्पनेइतकेच हे कापणेही महत्त्वाचे. शोधाच्या गोष्टीत नमुना बनवणाऱ्याचे नाव बहुधा गळते.

१९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे प्रथम आली. त्या वेळी लाल कार्ड एकदाही निघाले नाही. ते निघाले १९७४ मध्ये, आणि मिळाले कास्झेली या खेळाडूला. तो चिलीचा.

उतारवयात ॲस्टन अमेरिकेत मुलांच्या फुटबॉलसाठी स्वयंसेवक पंच घडवायला जात. तिथे शिकायला येणाऱ्यांत खेळणाऱ्या मुलांचे आई-बाबाही असत. २३ ऑक्टोबर २००१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी ते वारले.