ओळख थोरांची : एड्सगर डाइक्स्ट्रा



हायडेलबर्गमधल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांतून रोज सकाळी कुणी ना कुणी वाल्डॉर्फच्या दिशेने सॉफ्टवेअरच्या कामाला निघतं. आई किंवा बाबा तिथे नक्की करतात काय, या मुलांच्या प्रश्नाला मात्र धड उत्तर मिळत नाही. म्हणून या वेळी एका संगणकशास्त्रज्ञाची ओळख.

आधी एक घरगुती उदाहरण. गणपतीत हॉलची किल्ली आणणं, दार उघडणं, रात्री कुलूप घालणं हे एकाचं काम आणि मोदक करणं दुसऱ्याचं. दोन्ही एकाच्याच गळ्यात पडलं, की हॉल बदलला तरी मोदकांची पंचाईत! सॉफ्टवेअरमध्येही तेच. एखादा घटक कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा हे बघणारा कोड वेगळा हवा आणि तो घटक जी सेवा देतो तिचा कोड वेगळा. जावावाल्यांना ओएसजीआयमधली बंडलं आठवतील. सुरू-बंद करणाऱ्या क्लासमध्येच सगळी सेवा कोंबली, तर तिची साधी चाचणी घ्यायलाही सगळा डोलारा उभा करावा लागतो.

या विचाराची मुळं शोधत गेलं की डाइक्स्ट्रांपाशी पोचायला होतं. जन्म 11 मे 1930, रॉटरडॅम. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. लायडनला भौतिकशास्त्र शिकता शिकता 1952 मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून लागले. 1957 मध्ये लग्नाची नोंद करताना त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रामर’ असा लिहिला, तर नगरपालिकेने तो मान्यच केला नाही! शेवटी भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी, होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदीला गेलेले असताना, कॉफी पिता पिता सुमारे वीस मिनिटांत त्यांनी सर्वांत जवळचा रस्ता शोधायची रीत मनातल्या मनात बसवली होती. वाट दाखवणारी सॉफ्टवेअरं आजही त्याच कल्पनेवर उभी आहेत.

पण आमच्या मते त्यांचं खरं मोठं काम 1962 नंतरचं, आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठातलं. तिथल्या एक्स-8 यंत्रासाठी त्यांनी आणि मोजक्या सहकाऱ्यांनी एक कार्यप्रणाली थरांनी बांधली. सर्वांत खालचा थर फक्त एवढंच बघायचा, की प्रोसेसर आत्ता कुणाला द्यायचा, कुणाला थांबवून ठेवायचं आणि कुणाला उठवायचं. वरच्या थरांतल्या कार्यक्रमांनी आपापलं काम करावं, प्रोसेसर कधी हातात येतो नि कधी जातो याची चिंता करू नये. एकमेकांसाठी थांबायचं असेल तर ‘सेमाफोर’. हे नाव रेल्वेच्या सिग्नलवरून आलेलं. अशी वाटणी केल्यामुळे एकेक थर खालून वर तपासत जाता आला, आणि चाचणीत सापडल्या त्या चुकाही किरकोळच निघाल्या. 1968 मध्ये यावरचा लेख छापून आला. त्याच वर्षी ते आपल्या जर्मनीत, गार्मिशच्या सॉफ्टवेअर परिषदेला हजर होते. 1972 मध्ये, म्हणजे इकडे वाइनहाइमला सॅप सुरू झाली त्याच वर्षी, त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. आणि 1974 मध्ये त्यांनी या वेगळेपणाला नावच दिलं : एका वेळी एकाच बाजूचा विचार करणं, पण बाकीच्या बाजू आहेत हे न विसरता.

माणूस तसा परखड, कित्येकांना फटकळही वाटायचा. गंमत म्हणजे संगणक न वापरता फाउंटन पेनने टिपणं लिहायची, नंबर घालायचे, प्रती काढून मित्रांना टपालाने धाडायच्या! अशी तेराशेहून अधिक टिपणं झाली. 1984 पासून ते टेक्सासमध्ये ऑस्टिनला शिकवत होते. सुट्टीत फिरायला एक फोल्क्सवागनची गाडी होती, तिचं नाव ‘टूरिंग मशीन’.

6 ऑगस्ट 2002 रोजी नेदरलँड्समध्ये न्यूनेनच्या घरी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. 2013 मध्ये आपल्या गावात लॉरिएट फोरम सुरू झाला आणि ट्यूरिंग पुरस्काराचे मानकरी इथे तरुणांना भेटू लागले. डाइक्स्ट्रांचा तो योग अकरा वर्षांनी हुकला. त्यांची हस्तलिखितं मात्र ऑस्टिनच्या विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवली आहेत. मुलांना एकदा ते अक्षर जरूर दाखवा.