डोळ्यांच्या डॉक्टरांची भाषा

लुडविक झामेनहॉफ पेशाने नेत्रतज्ज्ञ. पण जग त्यांना ओळखते ते एस्पेरांतो भाषेचे जनक म्हणून. १८५९ मध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या बियालिस्तोक शहरात, एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश बोलणारे तिथे शेजारी राहत; पण एकमेकांकडे संशयाने बघत. कोणाचीच नसलेली, म्हणून सर्वांची होऊ शकेल अशी भाषा हवी, हे शाळकरी वयातच त्यांच्या मनाने घेतले.

१८८७ मध्ये वॉर्सात त्यांचे छोटेसे पुस्तक निघाले. लेखकाचे नाव होते डॉ. एस्पेरांतो, म्हणजे आशा बाळगणारा. तेच पुढे भाषेचे नाव झाले. २८ अक्षरे, २८ ध्वनी. लिहिले तसेच वाचायचे. मराठीत ‘चहा’ आणि ‘चूल’ यांतले वेगळे उच्चार एकाच ‘च’वर भागतात, झामेनहॉफ यांनी अशा ध्वनींना स्वतंत्र अक्षरे दिली. त्यासाठी सहा रोमन अक्षरांच्या डोक्यावर खुणा चढवल्या.

नेमक्या त्याच नडल्या. बहुतेक छापखान्यांत तसे खिळेच नव्हते. १८९४ मध्ये झामेनहॉफ यांनी स्वतःच सुधारणा सुचवल्या. त्यात या खुणाही काढून टाकल्या होत्या. एस्पेरांतोच्या नियतकालिकाच्या वाचकांचे मत घेतले, तर बहुमत जुन्या रूपालाच मिळाले. त्यांनी कौल मानला. भाषा आता त्यांची एकट्याची उरली नव्हती.

वॉर्साच्या गरीब वस्तीत ते रुग्णांचे डोळे तपासत राहिले. पहिले महायुद्ध पेटलेले असतानाच, १४ एप्रिल १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या सहा खुणा आजही जागेवर आहेत.