एकही प्रकाशक मिळाला नाही, तरी त्यांच्या पुस्तकाने इटलीचं घरचं जेवण घडवलं

सातारा असो नाहीतर सांगली, घरी पाहुणे जेवायला येणार म्हटलं की पूर्वी बेत ठरलेला असायचा. शाकाहारी असतील तर पुरणपोळी आणि कटाची आमटी, नाहीतर मटणाचा रस्सा आणि भाकरी.

आता त्यात इटालियनची भर पडली आहे. मुलांचा वाढदिवस, भिशी, पुण्याहून आलेले मित्र, कारण कोणतंही चालतं. पास्ता, टोमॅटोचा सॉस, गार्लिक ब्रेड आणि ओव्हन असेल तर पिझ्झा. घरातलं कुणीतरी मोबाईल ओट्यावर टेकवून पाककृती वाचतं आणि दुसरं कुणीतरी आलं-लसणाच्या सवयीने सॉसमध्ये गरम मसाला टाकायला निघतं.

पण इटालियन माणूस स्वतःच्या घरी पाहुण्यांना काय वाढायचा, हे पहिल्यांदा नीट लिहून कुणी ठेवलं?

त्या माणसाचं नाव पेल्लेग्रीनो आर्तुसी. हे ना हॉटेलवाले होते, ना आचारी. ते कापडाच्या धंद्यातले व्यापारी होते. त्यांनी पाककृतींचं पुस्तक काढलं तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते आणि ते छापायला एकही प्रकाशक तयार नव्हता.

आर्तुसींचा जन्म 4 ऑगस्ट 1820 चा. गाव फोर्लिम्पोपोली, इटलीच्या रोमान्या भागातलं एक छोटं गाव. वडिलांचं किराणा मालाचं दुकान होतं आणि घरची परिस्थिती चांगली होती. पुढे मुलगाही धंद्यात आला. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग 25 जानेवारी 1851 ची रात्र आली.

त्या भागात स्तेफानो पेल्लोनी नावाचा दरोडेखोर होता. लोक त्याला पासातोरे म्हणायचे. त्या रात्री गावातली बडी मंडळी नाटक बघायला थिएटरात जमली होती. पेल्लोनीच्या टोळीने थिएटरच ताब्यात घेतलं, प्रेक्षकांना ओलीस धरलं आणि श्रीमंतांची घरं एकेक करून लुटली. त्यात आर्तुसींचं घरही होतं.

पैसा गेला, तो परत मिळवता आला असता. पण आर्तुसींची बहीण जेर्त्रूदे त्या रात्रीच्या धक्क्यातून कधीच सावरली नाही. तिच्या मनावर परिणाम झाला आणि पुढे तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं.

कुटुंबाने गाव सोडलं आणि फ्लॉरेन्स गाठलं. आर्तुसींनी तिथे पुन्हा धंदा उभा केला, रेशीम आणि कापडात पैसा कमावला आणि 1870 मध्ये, वयाच्या पन्नाशीत, कामातून निवृत्ती घेतली. लग्न केलेलं नव्हतं. फ्लॉरेन्समधल्या आझेल्यो चौकातल्या घरात ते, त्यांची पुस्तकं आणि दोन मांजरं राहायची. सोबत घरकामाला दोन माणसं होती. एक मारिएत्ता साबातीनी आणि दुसरे फ्रांचेस्को रुफिल्ली. ही दोन नावं लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी लागणार आहेत.

आर्तुसींना खरं तर साहित्यिक व्हायचं होतं. त्यांनी कवी उगो फोस्कोलो यांचं चरित्र लिहिलं, मग दुसरं एक साहित्यावरचं पुस्तक लिहिलं. दोन्हींकडे फारसं कुणी बघितलं नाही.

मग ते स्वयंपाकघराकडे वळले. वर्षानुवर्षं व्यापारासाठी फिरताना कुठे काय खाल्लं, ते त्यांच्या लक्षात होतं. घरी ते पदार्थ मारिएत्ता आणि फ्रांचेस्को करून बघायचे. चव, प्रमाण, वेळ जमेपर्यंत पुन्हा पुन्हा. जमलं की आर्तुसी लिहून घ्यायचे.

इथे इटलीची तेव्हाची परिस्थिती समजून घ्यायला हवी. इटली नावाचा एक देश 1861 मध्ये झाला. त्याआधी तिथे वेगवेगळी राज्यं होती आणि प्रत्येक भागाची बोली वेगळी, जेवण वेगळं. आपल्याकडे कोकणातलं जेवण आणि विदर्भातलं जेवण वेगळं असतं तसंच, पण एकमेकांच्या पदार्थांची नावंही कळणार नाहीत इतकं. वरच्या वर्गाच्या मेजवान्यांवर फ्रेंचांचा पगडा होता आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांत फ्रेंच शब्दांची गर्दी असायची.

आर्तुसींनी बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोमान्या अशा भागांतले घरचे पदार्थ एका पुस्तकात आणले आणि ते कुठल्याही घरात वाचता येईल अशा साध्या इटालियनमध्ये लिहिले. मध्ये मध्ये गमतीदार किस्से आणि पचनाबद्दलचे सल्लेही टाकले.

पुस्तक तयार झालं, पण प्रकाशक तयार होईना. शेवटी 1891 मध्ये त्यांनी पदरचे पैसे घालून हजार प्रती छापून घेतल्या. नाव ठेवलं, स्वयंपाकाचं शास्त्र आणि चांगलं खाण्याची कला. पहिल्या आवृत्तीत 475 पाककृती होत्या.

या हजार प्रती खपायला चार वर्षं लागली. आर्तुसी घरूनच पोस्टाने पुस्तकं पाठवायचे. आणि त्यातूनच एक वेगळी गोष्ट घडली.

पत्ता लेखकाच्या घराचाच असल्यामुळे वाचक थेट त्यांनाच पत्रं लिहू लागले. त्यात गृहिणी खूप होत्या. कुणी शंका विचारायचं, कुणी चूक दाखवायचं, कुणी आपल्या घरची पाककृती पाठवायचं. मारिएत्ता आणि फ्रांचेस्को ती करून बघायचे आणि जमली तर पुढच्या आवृत्तीत यायची. वीस वर्षांत पुस्तक 475 वरून 790 पाककृतींवर गेलं. मुखपृष्ठावर नाव एकाचं, पण आत अनेक घरांचे हात होते.

पुस्तकाचा एक भाग तर पाहुण्यांना जेवायला बोलावणाऱ्यांसाठीच आहे. वर्षाच्या प्रत्येक महिन्यासाठी दोन-दोन बेत आणि सणावारांचे वेगळे. आधी सूप किंवा पास्ता, मग तळलेलं काहीतरी, मग मुख्य पदार्थ, भाजलेलं मांस आणि सॅलड, शेवटी गोड, फळं आणि चीज. पास्ता त्यांच्याकडे जेवणाची सुरुवात असते. आपण तो ताट भरून एकटाच वाढतो.

आणखी एक गंमत. आर्तुसींच्या पुस्तकात नेपल्सच्या नावाने जो पिझ्झा दिलाय, तो चक्क गोड आहे! त्यात रिकोटा म्हणजे पनीरसारखं मऊ चीज, बदाम आणि अंडी असतात. बोलोन्याच्या नावाने दिलेल्या मॅकरोनीच्या मटण-सॉससारख्या रश्श्यात टोमॅटोच नाही. म्हणजे आपण ज्याला अस्सल इटालियन समजतो, ते इटलीतही बदलत बदलत आलं आहे. तेव्हा पास्त्यात थोडी मिरची जास्त पडली म्हणून सांगलीतल्या यजमानाने ओशाळायचं कारण नाही.

30 मार्च 1911 ला आर्तुसी गेले, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. तोवर पुस्तक घराघरांत पोचलं होतं.

मृत्युपत्र उघडलं तेव्हा कळलं, की पुस्तकाचे हक्क त्यांनी मारिएत्ता आणि फ्रांचेस्को यांना दिले होते. ज्यांनी चुलीपुढे उभं राहून एकेक पदार्थ सिद्ध केला, पुस्तकाची कमाई त्यांच्याकडे गेली. मारिएत्ताच्या नावाचा केक तर त्यांनी हयातीतच पुस्तकात घातला होता. गावावर त्यांचा राग नव्हता. बाकीच्या मालमत्तेतला मोठा वाटा त्यांनी फोर्लिम्पोपोलीला दिला.

त्याच गावात 2007 पासून कासा आर्तुसी नावाची संस्था आहे. तिथे घरगुती स्वयंपाकाचं संग्रहालय, ग्रंथालय आणि स्वयंपाकाची शाळा आहे. हाताने पास्ता लाटायला शिकवणाऱ्या तिथल्या स्त्रियांना काय म्हणतात माहितीये? मारिएत्ता.

आता इटलीतून परत सांगली जिल्ह्यात येऊ.

पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीच्या शेजारी कुंडल आहे. हे गाव औंध संस्थानात असताना, 1913 मध्ये, तिथे कमलाबाई ओगले जन्मल्या. आर्तुसींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कमलाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीला आल्या आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. 1970 मध्ये त्यांचं रुचिरा आलं आणि दीड लाखाहून जास्त प्रती खपल्या. पुढे त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरंही झाली.

कमलाबाईंनी मापं दिली ती वाटी आणि चमच्याची. अंदाजाने घाला, असं म्हटलं की ज्यांना आधीच येतं त्यांनाच कळतं. वाटी-चमचा म्हटलं की मुंबईच्या खोलीत नव्याने संसार मांडलेल्या, जवळ आई ना सासू अशा मुलीलाही चार माणसं जेवायला बोलवायचा धीर येतो.

दोघांमध्ये एक मोठा फरक आहे. फ्लॉरेन्समध्ये लेखणी मालकाच्या हातात होती आणि पळी मारिएत्ताच्या. सांगलीत पळी आणि लेखणी एकाच बाईच्या हातात होती.

तर पुढच्या वेळी घरी इटालियन बेत कराल तेव्हा आर्तुसींच्या दोन गोष्टी उपयोगी पडतील. पहिली, बेत ऋतू बघून ठरवा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असेल तर शेवटी गोड म्हणून तीच ठेवा, नसेल तर तासगावचे बेदाणे आणि साताऱ्याचा कंदी पेढा आहेच. दुसरी, पाहुण्यांना वाढायचा पदार्थ आधी एकदा घरच्यांवर करून बघा. त्यांनीही कधी न करून बघितलेलं छापलं नाही.

आणि पाहुण्यांनी कौतुक केलं, तर ते ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचं नाव घेऊन होऊ द्या. पासष्ट टक्के घाम तिथेच गळलेला असतो, असं कुणी मोजलेलं नाही. पण आर्तुसींनी मृत्युपत्र लिहिताना हिशेब बरोबर केला होता.