अश्वपारखी सरफोजी राजे

तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले आपल्या वाचकांस परिचित आहेत ते मिशनरी श्वार्ट्झ यांचे मानसपुत्र आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचे पोषक म्हणून. ते घोड्यांचे जाणकार होते, ही गोष्ट मात्र मागे पडली आहे.

सरफोजींचा जन्म 1777 चा. मद्रासजवळ गिंडी येथे इंग्रजांच्या घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या, त्याही याच सुमारास. तुळजाजी राजांनी 1787 मध्ये मृत्यूपूर्वी या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले व श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविले. परंतु राज्य अमरसिंहाकडे गेले आणि मुलगा कोंडला गेला. ज्या वयात मराठ्याच्या पोराने खोगिरावर मांड घट्ट करावी, त्या वयात त्याला मोकळी हवाही मिळेना! वृद्ध श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे वारंवार दाद मागितली. अखेर 1793 मध्ये तो मद्रासला सुरक्षित पोहोचला.

1798 च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ प्रभूकडे गेले. जूनमध्ये सरफोजी गादीवर आले, पण पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख. कुंभकोणमच्या वाटेने निघालेला त्यांचा स्वार पापनाशमला पोहोचण्याआधीच परक्या अमलात शिरे. व्यंकोजींनी ज्या घोडदळाच्या बळावर हे राज्य मिळविले, त्याला आता लढाईच उरली नव्हती. अशा राजाने घोडे पारखावेत कशासाठी? मला वाटते, हिरावून घेता न येणारी एवढीच विद्या त्यांच्यापाशी राहिली होती. त्यांनी वाढविलेल्या ग्रंथालयात नकुलाच्या नावावरील अश्वशास्त्राची सचित्र पोथीही आहे.

1826 च्या ईस्टरला बिशप हेबर तंजावरास आले. ते राजांना भेटले, तेव्हा त्यांच्या विज्ञानाच्या व इंग्रजी काव्याच्या व्यासंगाने थक्क झाले. आसपासचे इंग्रज अधिकारी या राजास घोड्याचा खरा पारखी व वाघाचा अचूक शिकारी म्हणून मान देतात, असेही त्यांनी आवर्जून लिहून ठेविले. घोड्याच्या बाबतीत इंग्रज अंमलदार उगाच कोणाची स्तुती करीत नसत! हेबर तेथून त्रिचनापल्लीस गेले व 3 एप्रिल रोजी तेथेच निवर्तले.

सरफोजींनी बाप्तिस्मा घेतला नाही. हे लपविण्याचे कारण नाही. तरीही गुरूच्या थडग्यावरील इंग्रजी कविता त्यांनी स्वतः रचली आणि लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. तंजावरच्या चर्चमधील त्या शिल्पात मृत्युशय्येवर श्वार्ट्झ आहेत आणि त्यांचा हात धरून राजा उभा आहे. 1832 च्या मार्चमध्ये सरफोजी वारले.