तळणीला आलेल्या ॲनीबाई



आपल्या भित्तिपत्रिकेत थोर माणसांची माहिती असते. गांधीजी झाले, विनोबाजी झाले, सावित्रीबाई झाल्या. या वेळी मी ॲनी मॉण्डर यांचे चरित्र लिहीत आहे. हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. पण त्या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या शास्त्रज्ञ होत्या, आणि एकदा त्या आपल्या अगदी जवळ येऊन गेल्या. पुलगाववरून रेल्वेने वर्धा नदीचा पूल ओलांडला की पलीकडे तळणी स्टेशन लागते. आज ते अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यात आहे. १८९८ साली ॲनीबाई त्या तळणीला सूर्यग्रहण पाहायला आल्या होत्या.

ॲनीबाईंचा जन्म १४ एप्रिल १८६८ रोजी आयर्लंड देशात स्ट्रबेन या गावी झाला. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असते, म्हणून ही तारीख मला लगेच पाठ झाली. त्यांचे माहेरचे नाव ॲनी रसेल. वडील पाद्री होते. ॲनीबाई गणितात फार हुशार होत्या. शाळा झाल्यावर त्या इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील गर्टन कॉलेजात शिकायला गेल्या. ते मुलींचे कॉलेज होते. १८८९ साली त्यांनी गणिताची शेवटची परीक्षा दिली आणि गर्टनच्या मुलींत पहिला नंबर काढला. पण त्यांना पदवी मिळाली नाही. का? तर त्या मुलगी होत्या म्हणून. तेव्हा केंब्रिजला मुलींना परीक्षेला बसू द्यायचे, पण पदवी द्यायचे नाहीत. पेपर तोच, अभ्यास तोच, आणि कागद मात्र नाही. मला तर हे वाचून लई राग आला.

त्यांनी काही दिवस शाळेत शिकवलं. मग १८९१ साली त्या लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेत नोकरीला लागल्या. वेधशाळा म्हणजे आकाशाचे निरीक्षण करायची जागा. त्यांच्या कामाचे नाव होते कॉम्प्युटर! आज कॉम्प्युटर म्हणजे यंत्र. तेव्हा दिवसभर बसून आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत. पगार होता महिना चार पौंड. एवढ्या शिकलेल्या बाईला तो फारच कमी होता. पण आकाशाचं काम मिळतं म्हणून त्या आनंदाने करायच्या.

त्यांचे काम होते सूर्याचे फोटो काढायचे आणि सूर्यावरचे डाग मोजायचे. होय, सूर्यावर काळे डाग असतात. ते काही घाण नाही. तिथला भाग आजूबाजूपेक्षा थोडा थंड असतो, म्हणून तो काळा दिसतो. ग्रीनिचला पुष्कळदा ढग असत. त्या दिवशीचा फोटो मग कुठून आणायचा? तर आपल्या भारतातून! डेहराडूनला रोज सूर्याचे फोटो काढून ते ग्रीनिचला पाठवत. तिथे ढग तर इथे ऊन, अशी दोघांची भागीदारी होती.

वेधशाळेत वॉल्टर मॉण्डर नावाचे शास्त्रज्ञ होते. १८९५ च्या डिसेंबरात ॲनीबाईंचे त्यांच्याशी लग्न झाले. आणि लग्न झाले म्हणून त्यांची नोकरी गेली. तेव्हा तिथे असा नियम होता की सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची. पुरुषाने लग्न केलं तर त्याची नोकरी तशीच. म्हणून वॉल्टर यांची नोकरी राहिली आणि ॲनीबाई घरी आल्या. वॉल्टर यांना पहिल्या बायकोपासून पाच मुले होती. त्या मुलांनाही त्यांनी सांभाळलं. पण सूर्याचा अभ्यास सोडला नाही. नोकरी गेली तरी सूर्य तर रोज उगवतच होता.

आता ग्रहणाकडे वळू. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आहे, पण तो चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट लांबही आहे. म्हणून आपल्याला दोघे सारखेच दिसतात. कधी कधी अमावास्येला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर येतो आणि त्याला पूर्ण झाकतो. ते खग्रास ग्रहण. चंद्राची गडद सावली जमिनीवरून पळत जाते. तिचा पट्टा काही कोसांचाच असतो. त्या पट्ट्यात उभं असलं तरच खग्रास दिसतं. बाजूच्यांना अर्धवट, म्हणजे खंडग्रास. सूर्य झाकला की त्याच्या भोवती पांढरट प्रभा दिसते. तिला प्रभाकिरीट म्हणतात. किरीट म्हणजे मुकुट. इंग्रजीत तिला कोरोना म्हणतात. घाबरू नका, हा रोग नाही. त्या विषाणूला नाव मुकुटावरूनच पडले, पण सूर्याचा कोरोना त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

ही प्रभा इतकी मंद असते की एरवी सूर्याच्या उजेडात ती दिसतच नाही. म्हणून त्या काळचे शास्त्रज्ञ ग्रहणाच्या मागे जगभर फिरत. १८९६ साली ॲनीबाई आणि वॉल्टर नॉर्वे देशात वाद्सो गावी गेले. खूप खर्च केला, सामान नेलं. आणि ऐन वेळी ढग आले. काहीच दिसलं नाही. ग्रहण काही आपल्यासाठी थांबत नाही, ढगाआड होऊन गेलं.

पण ॲनीबाई नाउमेद झाल्या नाहीत. २२ जानेवारी १८९८ ला भारतात खग्रास ग्रहण होणार होते. सावली कोकणातून शिरून सोलापूर, वऱ्हाड, नागपूर असा रस्ता धरून पुढे जाणार होती. जानेवारीत आपल्याकडे आभाळ कसं मोकळं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कापूस वेचताना आपण पावसाला भीत नाही. म्हणून पुष्कळ शास्त्रज्ञांनी या पट्ट्यात मुक्काम केला. विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकियर साहेब होते. सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला होते. ते आपल्या देशाचे शास्त्रज्ञ, त्यांनी पुण्याला मोठी दुर्बीण उभारली होती. जेऊरलाच अमेरिकेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. नागपूरकडे घोगली येथे स्कॉटलंडचे कोपलंड होते. आणि तळणीला मॉण्डर पतिपत्नी, थ्वेट्स आणि एव्हरशेड असे चौघे होते.

तळणी का निवडली असेल, याचा मी विचार केला. मला वाटते, तिथून रेल्वे जाते हे मोठे कारण. काचेचे भिंग, काचेच्या फोटोपट्ट्या, लोखंडी स्टँड, एवढं सामान बंडीवर घालून दूरवर न्यायचं तर अर्धं फुटेल. त्या काळी फोटो कागदावर किंवा मोबाईलमध्ये येत नव्हता, काचेच्या पट्टीवर यायचा. एक फोटो काढला की पट्टी काढायची, दुसरी घालायची.

त्यांच्या हातात वेळ किती होता माहीत आहे? सुमारे दोन मिनिटे! इंग्लंडहून बोटीने मुंबई, मुंबईहून आगगाडीने तळणी, महिनोन्‌महिने तयारी, आणि काम दोन मिनिटांचे. त्यात चूक झाली तर पुन्हा संधी नाही.

हे आम्हाला कळावं म्हणून बाईंनी वर्गात एक प्रयोग घेतला. पाटी म्हणजे फोटोपट्टी आणि खोका म्हणजे कॅमेरा. बाईंनी १२० पर्यंत आकडे मोजायचे. तेवढ्यात एकाने खोक्यात पाटी घालायची, दुसऱ्याने दहा मोजायचे, तिसऱ्याने पाटी काढून चौथ्याकडे द्यायची. पहिल्या वेळी चार पाट्या झाल्या. पाचव्या वेळी सात झाल्या. तेव्हा मला समजलं की अशा मोहिमेत आधी रंगीत तालीम किती लागते. प्रत्येकाचं काम ठरलेलं पाहिजे आणि कोणी मध्येच वर पाहत राहिलं तर फोटो गेलाच.

ॲनीबाईंनी या ग्रहणासाठी स्वतःचा कॅमेरा तयार करवला होता. त्यासाठी त्यांच्या गर्टन कॉलेजाने पैसे दिले होते. त्याचे भिंग फक्त दीड इंचाचे होते. कुठे तो ४० फुटांचा कॅमेरा आणि कुठे हे छोटंसं भिंग! पण त्यात गणित होतं. लांब कॅमेऱ्यात सूर्य मोठा दिसतो, पण आजूबाजूचं आभाळ थोडंच मावतं. छोट्या कॅमेऱ्यात सूर्य लहान येतो, पण भोवतीचं खूप आभाळ मावतं आणि मंद उजेडही पट्टीवर उमटतो. प्रभाकिरीटाची लांब लांब टोकं पकडायची तर हाच कॅमेरा बरा, हे त्यांनी हिशेबाने ओळखलं.

२२ जानेवारीला आभाळ स्वच्छ होतं. भर दुपारी अंधार झाला. नदीच्या अलीकडे आपल्या पुलगावकडेही झाला असणार. तेव्हा वावरात काम करणारी माणसं काय म्हणाली असतील, बैल बुजले असतील का, पाखरं झाडावर गेली असतील का, असं माझ्या मनात येतं. मी आबाजींना विचारलं. त्यांना त्यांच्या आज्यानेही ही गोष्ट सांगितली नव्हती. बहुतेक लोक ग्रहण पाळून घरातच बसले असतील. आमच्या घरीही आजी ग्रहणात पाण्यात तुळशीचं पान टाकते आणि कोणाला अंगणात येऊ देत नाही. आपल्या दारावरून एवढी मोठी गोष्ट गेली, आणि पाहायला माणसं सातासमुद्रापलीकडून आली.

त्या दोन मिनिटांत ॲनीबाईंनी काढलेल्या फोटोत सूर्यापासून दूरवर गेलेला एक लांब झोत उमटला. एवढा लांब झोत तोपर्यंत कोणाच्याच फोटोत आला नव्हता. मोठमोठ्या दुर्बिणींना जे जमलं नाही ते दीड इंचाच्या भिंगाने तळणीच्या जमिनीवरून केलं. एव्हरशेड यांनाही चांगले फोटो मिळाले. ते पुढे दक्षिणेत कोडईकनालच्या वेधशाळेत कामाला आले.

नंतर ॲनीबाई ग्रहणासाठी १९०० साली अल्जीअर्सला, १९०१ साली मॉरिशसला आणि १९०५ साली कॅनडात लॅब्राडॉरला गेल्या. लॅब्राडॉरला पुन्हा ढगच आले. घरी बसून त्यांनी आणि वॉल्टर यांनी सूर्यडागांचा एक तक्ता काढला. डाग आधी सूर्याच्या मध्यरेषेपासून दूर दिसतात आणि पुढे हळूहळू मध्याकडे येतात. अकरा वर्षांनी पुन्हा तसेच. तो तक्ता फुलपाखरांच्या रांगेसारखा दिसतो, म्हणून त्याला फुलपाखरू तक्ता म्हणतात. शास्त्रज्ञ आजही तो वापरतात. १९०८ साली त्यांचे आकाशावरचे पुस्तक निघाले. त्यावर दोघांचे नाव आहे, पण बहुतेक सगळे लेखन ॲनीबाईंचे आहे असे वॉल्टर यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. खरं बोलणारा नवरा होता.

लंडनच्या राजेशाही खगोल संस्थेने १८९२ साली त्यांना सभासद करून घेतले नव्हते, कारण तिथे बायकांना घेत नसत. शेवटी १९१६ साली घेतले. म्हणजे २४ वर्षांनी! पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा त्या पुन्हा वेधशाळेत कामाला गेल्या, तेही पगाराशिवाय. १९२८ साली वॉल्टर वारले. ॲनीबाई १५ सप्टेंबर १९४७ रोजी वारल्या. आपला देश स्वतंत्र होऊन तेव्हा बरोबर एक महिना झाला होता. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, केंब्रिजने मुलींना पदवी द्यायला सुरुवात केली. ॲनीबाईंना ती मिळालीच नाही. पण चंद्रावरच्या एका मोठ्या खड्ड्याला मॉण्डर नाव आहे, दोघांच्या आठवणीसाठी.

आता मला एक गोष्ट लिहायची आहे. माझी ताई यंदा बारावीला आहे, विज्ञान शाखेला. तिला पुढे शिकायचं आहे. घरी तिच्या लग्नाचं बोलणं चाललं आहे. मी लहान आहे, मोठ्यांच्या बोलण्यात मी पडत नाही. पण आज बाबा शाळेत येणार आहेत आणि ते भित्तिपत्रिका नेहमी पूर्ण वाचतात. म्हणून मी ॲनीबाईंची माहिती निवडली. ॲनीबाईंना लग्न झाल्यावर काम बंद करायला लावलं तो नियम शंभर वर्षांपूर्वीचा होता, दुसऱ्या देशातला होता. आपल्याकडे आता तसा नियम नाही. म्हणून तो आपण घरात तयार करू नये.

मित्रांनो, भारतात पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी आहे. ते काश्मीर-लडाखच्या बाजूला दिसेल. आमच्या वर्गाने आतापासून मोहीम ठरवली आहे. तिचे नियम असे:

१) सावली कुठून जाणार ते नकाशावर आधी पाहायचे.
२) ढग कुठे कमी असतात त्याची माहिती काढायची.
३) रेल्वेचा प्रवास किती, खर्च किती, याचा हिशेब करायचा आणि गल्ल्यात पैसे टाकायचे.
४) प्रत्येकाला एकच काम द्यायचे आणि त्याची तालीम घ्यायची.
५) सूर्य पूर्ण झाकलेला नसताना ग्रहणाचा खास चष्मा लावूनच पाहायचे. साधा काळा चष्मा किंवा एक्स-रेची फिल्म चालत नाही, डोळे जातात.
६) एका माणसाने काहीही काम न करता नुसतं वर पाहायचं. ते काम आम्ही आजीला देणार आहोत.

ढग आले तर? तर परत यायचं आणि पुढच्या ग्रहणाची तारीख शोधायची. ॲनीबाईंनी तसंच केलं होतं.

अशा या सूर्यावर प्रेम करणाऱ्या थोर ॲनीबाईंना माझे विनम्र अभिवादन!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी