सुभेदार रामजीबाबांची पन्नास रुपयांची पेन्शन

आपल्या विहारात परमपूज्य बाबासाहेबांची जयंती होते, माता रमाईची जयंती होते, सहा डिसेंबरला अभिवादन होते. पण सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्यावर वेगळे भाषण आम्ही फार कमी वेळा ऐकले. बाबासाहेबांचे वडील म्हणून नाव घ्यायचे आणि पुढे जायचे, असेच चालत आले आहे. विहाराच्या वर्धापन दिनाची ही स्मरणिका घरोघर जाणार आहे, म्हणून या बापाचा हिशोब एकदा मांडावा असे आम्हाला वाटले. हिशोब म्हणजे खरोखरच पैशाचा हिशोब.

रामजीबाबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील मालोजी फौजेत होते, रामजीबाबाही फौजेत गेले. त्या काळी गावच्या शाळेत आपल्या मुलाला कोण घेणार? पण पलटणीत शिपायांच्या मुलाबाळांना शिकवायची सोय होती. त्या सोयीचे रामजीबाबांनी सोने केले. पुण्याला शिक्षकाचे शिक्षण घेऊन ते पलटणीच्या शाळेत मास्तर झाले, चौदा वर्षे हेडमास्तर राहिले आणि सुभेदारपदापर्यंत चढले. महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्माला आले. चौदांपैकी जगली पाचच. बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव.

1894 च्या सुमारास पेन्शन झाली. महिना पन्नास रुपये. आधी दापोलीला, मग साताऱ्याला बिऱ्हाड आले. साताऱ्यात बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली. तिथेच 1896 साली भीमाबाई गेल्या. लहानग्या भीमाला मीराआत्याने सांभाळले. पुढे दुष्काळी कामावर रामजीबाबांना घर सोडून दूर राहावे लागले. एवढ्या ओढाताणीतही 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत घातले गेले. घर विस्कटले म्हणून पोरगं शाळेतून काढलं नाही, एवढं आपण ध्यानात ठेवू.

1904 साली कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्यातच चूल, त्यातच सरपण, त्यातच जातं, त्यातच सगळ्यांचे निजणे. त्या खोलीत मुलाला अभ्यासाला जागा कुठून येणार? रामजीबाबांनी वेळेतून जागा काढली. भीमाला लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून दिव्यापाशी बसवायचे आणि स्वतः आडवे व्हायचे. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घटवून घेतली. शिकवणी लावायला पैसा नव्हता. घरातच मास्तर होता.

परंतु पुस्तकं काही फुकट येत नव्हती. भीमराव शाळेच्या पुस्तकांशिवाय इतर पुस्तकेही मागायचे. हातात पैसा नसला की रामजीबाबा बाहेर पडत आणि मुंबईतच दिलेल्या धाकट्या लेकीकडे जात. तिच्याजवळ चार रुपये निघाले तर ठीक, नाहीतर थोरलीकडे जात. तिचा एखादा दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण टाकत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन हाती आली की आधी दागिना सोडवून लेकीला परत करत. पुढच्या वेळेला पुन्हा तोच फेरा.

हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण आम्हाला त्यातली दुसरी बाजूही टोचते. सासरी नांदणाऱ्या लेकीला अंगावरचा दागिना काढून द्यावा लागला. दोघा भावांना एकदम शिकवणे झेपेना म्हणून आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावे लागले. एका मुलाच्या शिक्षणाची किंमत दोन बहिणी आणि एका भावाने मोजली. पन्नास रुपयांत, एवढ्या मोठ्या खटल्यात, शिल्लक टाकायला वाव तरी काय होता! रामजीबाबांना आपण दोष देऊच शकत नाही.

पण आपले काय? आपल्या वस्तीत जून-जुलै आला की मंगळसूत्र सोनाराकडे जाते, व्याजाने पैसे उचलले जातात. बारशाला मंडप घालतो, तेव्हा पोराच्या फीचा विचार कोणी करत नाही. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्त ठेव सुरू करता येते. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत तिच्या नावाने सुकन्या समृद्धीचे खाते उघडता येते, वर्षाला कमीत कमी अडीचशे रुपये भरून. ती अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी त्यातले निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. मूल जन्मल्यापासून महिना पाचशे बाजूला काढले, तर पंधरा वर्षांत व्याज सोडून नव्वद हजार होतात. ज्याला पाचशे जमत नाहीत त्याने शंभर टाकावेत. पण पगार हाती आला की आधी ते काढून ठेवावेत. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचं कधीच उरत नाही, हे आम्ही स्वतःवरूनच सांगतो.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. साडेसातशेपैकी 282 मार्क. सत्कार झाला, केळुस्कर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत रामजीबाबांनी रेटले, पुढे मात्र त्यांचे हात टेकले. तेव्हा केळुस्कर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे बापाच्या पेन्शनीच्या निम्मी रक्कम! तिच्यावर 1912 साली बी.ए. झाले.

जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना बाबांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटली. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. अंथरुणावरच्या रामजीबाबांनी मुलाला पाहिले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी प्राण सोडला. त्याच वर्षी जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.